वीस इंची चाकावर पुन्हा

१९७०च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातली मुलं मोटोक्रॉसची नक्कल करत मातीच्या उंचवट्यांवरून छोट्या सायकली उडवू लागली आणि बीएमएक्स जन्माला आलं. २००८ साली बीजिंगमध्ये या शर्यतीला ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली. ती पहिली मुलं आता साठीत आहेत, आणि त्यांच्या मागच्या पिढ्यांतलेही कितीतरी जण पुन्हा ट्रॅकवर उतरताहेत. मला या माणसांचं मनापासून कौतुक वाटतं.

'बनी हॉप' घ्या. पेडलवर उभं राहायचं, वजन मागे टाकत पुढचं चाक उचलायचं, मग हँडल पुढे ढकलून पाय वर ओढायचे. मागचं चाकही जमीन सोडतं. कोवळ्या वयात अंगवळणी पडलेली ही लय मेंदू वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतो. मनगटं आणि गुडघे मात्र आजच्या वयाचे असतात, खरी अडचण तिथे येते. म्हणून अनेक जण २० ऐवजी २४ इंची चाकांची, जरा स्थिर सायकल निवडतात. हेल्मेट आणि गुडघ्यांचे पॅड तर हवेतच. सुरुवात पंप ट्रॅकवर करावी: पेडल न मारता, चढावर अंग हलकं करायचं, उतारावर दाब द्यायचा, सायकल आपसूक वेग घेते. पोटऱ्या भरून येतात, पण भीती ओसरते.

आणि शेजारून सुसाट जाणाऱ्या दहा वर्षांच्या पोरालाच विचारावं, "बाळा, हे वळण कसं घेतोस रे?" पोरं फार मन लावून शिकवतात.