नात्याचा रकाना

दिल्लीत कामानिमित्त जाणाऱ्या मराठी माणसाला कोपर्निकस मार्गावरचं जुनं महाराष्ट्र सदन ठाऊक असतं. हा मार्ग एकीकडे मंडी हाउसच्या चौकाला मिळतो, दुसरीकडे इंडिया गेटला. मंडी हाउसहून भगवानदास रोडने निघालं की सर्वोच्च न्यायालय येतं, इंडिया गेटहून शेरशाह रोडने गेलं की दिल्ली उच्च न्यायालय. समलिंगी माणसांच्या हक्कांचे या देशातले मोठे निकाल याच परिसरात लागले. त्या लढ्यात मराठी माणसं दोन्ही बाजूंना होती.

विरोधाच्या बाजूला आधी होती. डिसेंबर १९९८ मध्ये दीपा मेहतांच्या 'फायर' या दोन बायकांच्या प्रेमावरच्या चित्रपटावरून शिवसैनिकांनी मुंबईत थिएटरं फोडली आणि लगोलग दिल्लीत रीगल थिएटरवर चाल केली. त्यानंतर रीगलसमोर मेणबत्त्या घेऊन जमलेल्या बायकांमध्ये आपण भारतीय आहोत आणि लेस्बियनही, असं लिहिलेला फलक होता. समलिंगी बाई नावाचं कुणी या देशात नसतंच, असं त्यानंतर ठामपणे म्हणणं अवघड झालं.

२९ जून २००८ रोजी मंडी हाउसच्या चौकातून निघणाऱ्या बाराखंबा रोडवरून दिल्लीची पहिली प्राइड यात्रा जंतरमंतरकडे गेली. चालणाऱ्यांपैकी अनेकांनी तोंडावर मुखवटे चढवले होते. उद्या ऑफिसात कुणी ओळखलं तर, गावी टीव्हीवर आईने पाहिलं तर, ही भीती खरीच होती. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ अजून जिवंत होतं. पुढच्याच वर्षी, २ जुलै २००९ ला, दिल्ली उच्च न्यायालयाने ते कलम प्रौढांच्या खासगी, संमतीच्या संबंधांना लागू होणार नाही असा निकाल दिला. खंडपीठावर मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, मूळचे सोलापूरचे, आणि त्यांच्यासोबत न्या. एस. मुरलीधर.

निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं, तेव्हा एकोणीस आई-वडील पुढे आले. त्यांत चित्रा पालेकर होत्या. मराठी रंगभूमीवरून आणि चित्रपटांतून आपल्याला माहीत असलेल्या, आणि एका लेस्बियन मुलीच्या आई. हा कायदा आमच्या घरात शिरतो, आमच्या लेकरांना गुन्हेगार ठरवतो, असं या पालकांचं म्हणणं होतं. मला या लढ्यातलं हे सर्वांत मोठं पाऊल वाटतं. आपल्याकडे मुलगा वा मुलगी 'तशी' आहे हे कळलं की आधी नातेवाइकांपासून लपवायचं, मग घाईने स्थळ बघायचं, हीच रीत. या पालकांनी आपली नावं कोर्टाच्या कागदावर घातली. तरीही ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने आधीचा निकाल फिरवला. हे लोक लोकसंख्येचा अगदी नगण्य हिस्सा आहेत, हे त्याचं एक कारण. माणसं थोडी असली म्हणून त्यांचे हक्क थोडे होतात का? न्यायालयालाच ते पटलं नाही, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने ती चूक दुरुस्त केली.

मुखवट्यांची गरज पुष्कळ कमी झाली. पुण्यात २०११ पासून प्राइड यात्रा निघते. बिंदुमाधव खिरे यांनी मराठीत पुस्तकं लिहून घराघरांतला अबोला मोडायचा प्रयत्न केला. पण माणूस दिसणं आणि त्याचं नातं मानलं जाणं यांत मोठं अंतर आहे. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना असतो. वीस वर्षं एकत्र संसार केलेल्या बाईने तिथे काय लिहावं? 'मैत्रीण' लिहिलं, की सही करायला एरवी कधी न फिरकणारा भाऊ लागतो.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. विवाहाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. अशा जोडप्यांना एकत्र राहण्याची कायदेशीर मान्यता मिळावी असं म्हणणारे चंद्रचूड आणि कौल अल्पमतात राहिले. विषय संसदेकडे गेला. सरकारने २०२४ मध्ये संयुक्त बँक खातं, रेशनकार्ड, एवढंच नव्हे तर जोडीदाराचा मृतदेह ताब्यात घेणं, याबाबत सूचना काढल्या. त्या हव्याच होत्या. पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. वारसा, पेन्शन, दत्तक यांना ते हात लावत नाही.

संसदेत हा प्रश्न आधीच मांडला गेला होता, तोही महाराष्ट्रातून. १ एप्रिल २०२२ ला सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर गेलं. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, त्यामुळे त्याचं भवितव्य उघडच होतं. पक्षाचा पाठिंबा असलेलं, सरकारने आणलेलं विधेयक हवं.

लोकसभेत आपले ४८ सदस्य आहेत, राज्यसभेत १९. त्यांचे पक्ष मत मागायला दारात येतात, तेव्हा त्यांना रस्ते-पाण्याबरोबर हेही विचारायला हवं, आणि ते आई-बापांनी विचारलं तर त्यांना उत्तर टाळणं जड जाईल.