‘आमचा’ की ‘आपला’?

आपल्याविषयी ‘हा कोणाचा’ असे कोणी म्हणू नये, ‘हा आपला’ असे म्हणावे, हे मागणे महात्मा बसवण्णांच्या एका सुप्रसिद्ध वचनात आहे. तेथील कन्नड शब्द ‘नम्मव’. तो मराठीत आणताना अडायला होते. आजच्या कन्नडात ‘नावु’ एकच. ऐकणारा त्यात धरला की वगळला, हे प्रसंगावरून समजायचे. संस्कृत ‘वयम्’चेही तसेच. मराठीला मात्र निवड करावीच लागते. ‘आम्ही’ म्हटले की समोरचा बाहेर राहिला, ‘आपण’ म्हटले की तो आत आला. गुजरातीत ‘अमे’ व ‘आपणे’, तेलुगूत ‘मेमु’ व ‘मनमु’ असा हाच भेद आहे, हे बडोद्याच्या व हैदराबादच्या वाचकांना ठाऊकच आहे.

मग ‘नम्मव’ म्हणजे ‘आमचा’ की ‘आपला’? ‘आमचा’ म्हणताच ऐकणाऱ्याला कळते की हा तुमचा नव्हे. म्हणून आम्हांस ‘आपला’ योग्य वाटतो. (मठाधीशांनी स्वतःस ‘आम्ही’ म्हणण्याच्या रूढीविषयी पुन्हा कधी!) ‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृतातून आला. ‘तो आपण होऊन आला’ येथे तो स्वतः, ‘आपण बसावे’ येथे अतिथी, ‘आपण जेवू’ येथे सारी पंगत.

परंतु हा शब्दही निर्मळ राहिलेला नाही. खोली भाड्याने द्यायची असो की स्थळ पाहायचे असो, हळूच विचारतात, ‘आपल्यातलाच ना?’ येथे ‘आपण’ ऐकणाऱ्याला जवळ घेतो आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले त्याला दाराबाहेर ठेवतो. शिवी नाही, अपमान नाही; एका सर्वनामात जात विचारून झाली. विचारणाऱ्याच्या गळ्यात पुष्कळदा इष्टलिंगही असते. ‘आपण भांडी घासून घेऊ’ म्हणणारी मालकीण भांड्याला हात लावत नाही, तो प्रकार यापुढे साधा. चूक चार पंचांची असता त्यांनी गावाला ‘आपण सारेच चुकलो’ म्हणणे ही मात्र पळवाट. तेथे ‘आम्ही चुकलो’ हेच हवे.

वचनात मागणे मागणारा दाराबाहेरचा आहे, हे ध्यानी घ्यावे. त्याच्याविषयीच विचारले जात आहे. तेव्हा प्रवचनात ‘आपला’ जरूर म्हणावे, पण ‘कोणाचा’ म्हणू नये हा पूर्वार्ध गाळू नये. नुसता उत्तरार्ध सांगितला, तर ‘आपल्यातलाच ना?’ विचारणाराही मान डोलावतो.