ठेव कोणाची, कर्ज कोणाचे?

कर्ज हा केवळ व्यवहाराचा विषय आहे, नीतीचा नव्हे, असे आपण सहज मानून चालतो. परंतु कर्ज कोणाला द्यावे, ते थकले तर काय करावे, या प्रश्नांपाशी न्याय आणि दया समोरासमोर उभ्या ठाकतात.

१९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेच्या वतीने ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी झाली. शेतकऱ्याच्या कर्जातील सुमारे ७० टक्के वाटा तेव्हा सावकारांचा होता. व्यापारी बँकांचा १ टक्काही नव्हता. पुढे १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७७ मध्ये एक विलक्षण नियम आला. जिथे आधीच बँक आहे अशा ठिकाणी एक नवी शाखा उघडायची असेल, तर जिथे एकही बँक नाही अशा चार ठिकाणी शाखा उघडणे बंधनकारक झाले. हा नियम १९९० पर्यंत टिकला. १९६९ नंतरच्या दोन दशकांत सुमारे ३०,००० बँकविरहित खेड्यांत शाखा पोहोचल्या.

त्याने गरिबी हटली काय? हे सिद्ध करणे वाटते तितके सोपे नाही. बँकेमुळे भरभराट येते, की भरभराट दिसली म्हणून बँक येते? अर्थशास्त्रज्ञांत हा वाद जुना आहे. शुंपीटर यांनी १९११ साली पहिली बाजू मांडली, तर जोन रॉबिन्सन यांनी १९५२ साली दुसरी. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या नियमाचाच कसोटीसाठी उपयोग केला. १९७७ ते १९९० या काळात, पूर्वी बँका कमी असलेल्या राज्यांत ग्रामीण शाखा अधिक वेगाने वाढल्या. त्याआधी आणि नंतर नेमके उलट घडत होते. नियम लागू होताच या राज्यांतील ग्रामीण दारिद्र्य इतरांपेक्षा झपाट्याने घटू लागले आणि नियम जाताच ती आघाडी ओसरली. बँक तिथे नफा पाहून नव्हे, नियमाने गेली होती. म्हणून या निष्कर्षाला वजन आहे.

येथवर सारे सुखद वाटते. पण ग्रामीण कर्जे मोठ्या प्रमाणावर थकली, हेही त्याच इतिहासात नोंदलेले आहे. ज्यांना या धोरणाचे कौतुक वाटते ते या भागावरून घाईने पुढे जातात. आपण तसे करू नये. बँकेचा पैसा आकाशातून पडत नाही. तो ठेवीदाराचा असतो, आणि ठेवीदारांत निवृत्त शिक्षक असतो, मुलीच्या लग्नासाठी पै-पै साठवणारी विधवाही असते. एका गरिबाला क्षमा करताना दुसऱ्या गरिबाच्या घामाचा हिशेब कोणी द्यायचा?

१९९० मध्ये केंद्र सरकारने १०,००० रुपयांपर्यंतची ग्रामीण थकित कर्जे माफ केली. दुष्काळाने खरोखर नाडलेल्याला त्यातून श्वास मिळाला. मात्र पोटाला चिमटा घेऊन वेळेवर हप्ता भरणाऱ्याच्या पदरात काहीच पडले नाही. ही दया होती असे म्हणावे, तर ती प्रामाणिकाला वगळून गेली.

ख्रिस्तसभेलाही या पेचातून जावे लागले आहे. १४६२ साली पेरुजिया येथे फ्रान्सिस्कन बंधूंच्या प्रेरणेने गरिबांसाठी तारणावर कर्ज देणारा निधी उभा राहिला. खर्चापुरती आकारणी केली तरी ते व्याजखोरीचे पाप, असे त्या काळी अनेक धर्मपंडितांचे म्हणणे होते. १५१५ साली पाचव्या लॅटरन धर्मपरिषदेने ती आकारणी वैध ठरवली. निधीच आटला तर उद्याच्या गरजवंताला काय द्यायचे, हा त्यामागचा विचार होता.

आम्हांला वाटते, त्या १३ वर्षांत चुकले ते खेड्यात जाणे नव्हे. खेड्यात गेल्यावर ऋणकोला ओळखण्याचे कष्ट घेतले गेले नाहीत, तिथे चुकले. अडलेला कोण आणि बुडवणारा कोण, हे सावकाराला नेमके ठाऊक असे. त्या ज्ञानाचा उपयोग तो पिळवणुकीसाठी करी, ही गोष्ट वेगळी. बदलीवर आलेल्या शाखाधिकाऱ्यापाशी उद्दिष्टांचा तक्ता होता, पण गावाची ओळख होण्याआधीच त्याच्या पुढच्या बदलीचा हुकूम येई.