परसातल्या कोंबडीचे देणे

वैशाखात चंद्रपूर-नागपूरकडे दुपारचा पारा ४५ अंशांवर जातो. कोंबडीच्या अंगाचे तापमान एरवीच ४१ ते ४२ अंश. म्हणजे अशा दुपारी हवाच तिच्या अंगापेक्षा तापलेली असते आणि तुऱ्यातून किंवा पंख फाकवून उष्णता बाहेर टाकण्याची वाट बंद होते. घाम येण्याची सोय तिच्या कातडीत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या आणि घशातल्या ओलाव्याची वाफ करून अंग निववायचे, एवढा एकच मार्ग उरतो. त्यासाठी पाणी लागते. पत्र्याच्या खुराड्यात, रिकाम्या भांड्यापाशी कोंडलेली कोंबडी काही तासांत मान टाकू शकते. इथवरची गोष्ट पशुवैद्यकाची. पुढचा प्रश्न मात्र धर्माचा आहे: तिच्यासमोर पाणी ठेवणारा माणूस दया करतो, की देणे फेडतो?

आपल्याकडे याचे उत्तर सहसा दयेच्या बाजूने दिले जाते. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगा एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजली, ही कथा महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. पण ते गाढव एकनाथांनी बांधून ठेवलेले नव्हते, म्हणून तिथे करुणाच खरी. परसातल्या कोंबडीची गोष्ट निराळी. सह्याद्रीतला राखी रानकोंबडा ऊन चढले की गच्च झाडीत शिरतो. मोकळी सोडली तर घरची कोंबडीही लिंबाच्या बुंध्याशी माती उकरून गारव्याला बसते. मुंगूस, मांजर, कुत्रा यांच्या भीतीने आपण तिला कोंडतो. ते योग्यही असेल, पण सावली आणि पाणी शोधण्याची तिची मोकळीक त्याच क्षणी आपण काढून घेतो. शिवाय अधिक मांस आणि अधिक अंडी मिळावीत म्हणून आपण गिरिराज, वनराज यांसारख्या जाती घडवल्या, आणि अंग जितके वजनदार तितके ते निववणे कठीण. जे काढून घेतले ते भरून देणे याला मी उपकार म्हणणार नाही. ही जाणीव जुनी आहे. तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताला बाध आणणाऱ्या पाच दोषांत मारणे आणि अतिभार लादणे यांच्या पंक्तीला अन्नपाणी रोखणेही बसवले आहे. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची कथा हदीसमध्ये येते. तिने मांजराला खायला दिले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला सोडलेही नाही, असा तो दुहेरी ठपका आहे. दोन्हीकडे बांधणाऱ्यावरच जबाबदारी येते.

यावर सगळ्यात बोचरा आक्षेप असा, की आखाडात जिच्या मानेवर सुरी ठेवायची तिला वैशाखात जपणे हा ढोंगीपणा नाही का? जैन मुनी म्हणेल, पाळूच नका आणि मारूही नका. त्याचे म्हणणे सुसंगत आहे आणि मांसाहार करणाऱ्याने ते मान खाली घालून ऐकावे. पण ‘नाहीतरी कापायचीच आहे, मग पाणी कशाला’ हा युक्तिवाद मुनीचा नव्हे. तो त्याच्या बोलण्यातला सोयीचा तुकडा उचलतो आणि त्यातून निष्काळजीपणाला परवानगी काढतो. मरण ठरलेले आहे म्हणून आजचा हक्क संपत असेल, तर कुणाचाच हक्क उरणार नाही. सुरीचे काम थोडक्यात आटोपते. उन्हात धापा टाकणे दुपारभर चालते. ती वेगळी हिंसा आहे आणि तिचा हिशेबही वेगळाच मांडावा लागतो. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या मुदपाकखान्यात अजून दोन मोर आणि एक हरिण मारले जात असल्याची कबुली आहे. तरीही दुसऱ्या लेखात तो माणसांसाठी आणि जनावरांसाठी वाटेवर विहिरी खोदल्याचे, झाडे लावल्याचे सांगतो. पुढे पाचव्या स्तंभलेखात तर कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये, अशी आज्ञा आहे. आधी मुदपाकखाना पूर्ण शुद्ध होऊ दे, मग विहीर खोदू, असे त्याने म्हटले नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. मराठवाड्यात जिथे माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागते, तिथे कोंबडीचे पाणी कुठून आणायचे? जे शक्य नाही ते कर्तव्य म्हणून कुणावर लादता येत नाही, हे खरे. पण कोंबडीला कडक उन्हाळ्यातही दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी पुरते. सावलीला तर पाणी लागतच नाही. पत्र्यावर पऱ्हाटी किंवा तुराट्यांचा थर द्यावा, खुराडे झाडाखाली सरकवावे, पचनाची उष्णता भर दुपारी वाढू नये म्हणून दाणे पहाटे आणि दिवस कलल्यावर टाकावेत. एवढेही पाणी पुरणार नसेल, तर चैत्रापूर्वीच काही कोंबड्या विकून कळप लहान करावा. कोंबड्या किती ठेवायच्या हे उन्हाळ्याच्या पाण्यावर ठरले पाहिजे. आणि हे देणे घराचे आहे, घरातल्या बाईचे एकटीचे नाही. अंडी सगळे खातात आणि हंडा मात्र तिच्याच डोक्यावर, अशा भूतदयेत मला धर्म दिसत नाही.

खुडूक कोंबडीचा विचार याच अंगाने करावा लागतो. अंड्यांवर बसलेली कोंबडी दिवसातून एखाद्याच वेळी उठते. तहान लागली तरी ती लांबच्या भांड्यापर्यंत जाईल, असा भरवसा धरता येत नाही. बसणे हा तिचा स्वभाव असला, तरी वैशाखात तिच्याखाली अंडी ठेवण्याचे घरच्यांनी ठरवलेले असते. तेव्हा तिचे भांडे चोचीच्या टप्प्यात सरकवणे आणि दुपारी त्यातले तापलेले पाणी बदलणे हेही त्यांच्याकडेच येते.