एकट्याची सोबत

पाठीला सॅक लावून एकटाच डोंगराकडे निघालेल्या माणसाला पायथ्याच्या गावात हमखास एक प्रश्न विचारला जातो: "बाकीचे मागं हायती का?" कुणी नाही, मी एकटाच, असं सांगितलं की समोरचा क्षणभर निरखून बघतो आणि मग चौकशी सुरू होते. कुठून आलात, घरी सांगून आलात ना, मुक्काम वरच का, बॅटरी आहे का सोबत? गटाने गेलं तर यातलं काहीच कुणी विचारत नाही. दहाबारा जणांचं टोळकं आपल्याच गप्पांत गावातून पुढे निघून जातं. एकटा माणूस मात्र गावाच्या नजरेत भरतो आणि नकळत गावाच्या जबाबदारीतही जमा होतो.

शनिवार-रविवार गाठून एकट्याने गडावर जाण्यामागे बहुतेकांचा बेत याच्या नेमका उलटा असतो. आठवडाभर माणसांनी, मीटिंगांनी आणि फोनने जीव नकोसा केलेला असतो. दोन दिवस कुणाशी बोलायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही, लागेल ते सगळं स्वतःच्या पाठीवर. हरिश्चंद्रगड अशा बेताला अगदी योग्य. पहाटेच्या लोकलने कसारा, तिथून घोटीमार्गे राजूर, राजूरहून जीपने पाचनई. पुढे पायवाट. एका बाजूला डोक्यावर झुकलेला कातळ, दुसऱ्या बाजूला खाली मंगळगंगेचा ओढा. थोडं चढल्यावर फोनची रेंज जाते आणि वाटतं, सुटलो.

पण ती वाट एकट्याची नसतेच. फाटा फुटतो तिथे खडकावर कुणीतरी पांढऱ्या रंगाने बाण काढून ठेवलेला असतो. पाय घसरेल अशा जागी कुणीतरी रेलिंग ठोकलेलं असतं. वर मंदिराजवळ पोहोचावं तर बाटलीत जेमतेम दोन घोट उरलेले. तिथल्या टाक्यात पाणी थंडगार. ते टाकं कातळात कुणी खोदलं त्याचं नाव कुठेही कोरलेलं नाही. तहान मात्र अजून भागते आहे.

संध्याकाळी झोपडीत पिठलं-भाकरी मिळते. मावशींनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली आणि मग तवा उतरवून निखाऱ्यावर शेकायला धरली. भाकरी टम्म फुगली. त्या फुगलेल्या भाकरीकडे बघताना ध्यानात येतं, की हे पीठ, ती तेलाची बाटली, ते कांदे, सगळं त्याच चढणीने कुणाच्या तरी डोक्यावरून आलेलं आहे, जिथे आपण रिकाम्या हातांनीसुद्धा धापा टाकत होतो. जेवण झालं तेव्हा मावशी म्हणाल्या, "अंधारात एकले कड्याकडं जाऊ नका. सकाळी पोरगा जाईल, त्याच्या संगं जा." विनंती नव्हतीच ती. सकाळी पोरगा आला, कोकणकड्याशी घेऊन गेला आणि कडा यायच्या आधीच त्याने मला पोटावर झोपायला लावलं. "वारा असतो. असंच सरकत जायचं." त्याचं ऐकलं. कड्यावरून खाली कोकण बघताना माझ्या घोट्यावर त्याचा हात होता.

परतताना केदारेश्वराच्या लेण्यात डोकावलो. कमरेएवढ्या गार पाण्यात मोठं शिवलिंग आणि भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. शेवटचा खांब पडला की जग बुडेल, असं लोक सांगतात. त्या खांबाचे फोटोही सगळे त्याच कौतुकाने काढतात: बघा, एकट्याने केवढा डोलारा तोलून धरलाय! पण लेण्यातलं छत काही बाहेरून आणून खांबांवर ठेवलेलं नसतं. छत, भिंती, खांब, सगळं एकाच कातळातून कोरून काढलेलं. तीन खांब गेल्यावरही छत जागेवर आहे ते उरलेल्या एकाच्या मर्दुमकीमुळे नव्हे, चहूबाजूंच्या डोंगरामुळे. तो खांब एकटा दिसतो खरा. पण डोंगरापासून सुटलेला नाही.

एकट्याने भटकण्यातून स्वावलंबन येतं, असं आपण म्हणतो. तंबू लावता येतो, चूल पेटवता येते, दिशा कळते, हे खरंच. मला मात्र त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की आपलं परावलंबन तिथे उघड्यावर येतं. पाणी हवं तर टाक्यापर्यंत चालायचं, वाट हवी तर माणसाला विचारायचं. कुणाच्या जिवावर आपण उभे आहोत ते चेहऱ्यासकट दिसतं. शहरात हेच परावलंबन शंभर पटीने जास्त असतं, फक्त ते नळात, तारेत आणि फोनच्या पडद्यामागे झाकलेलं असतं. पैसे दिले की विषय संपला, असं तिथे वाटतं. पैसे तर मावशींनाही दिले होते. पण पिठाने किती चढ चढला ते पायांना ठाऊक होतं, म्हणून विषय संपला नाही.

गडावरून परतलं की सोमवार जड जातो, ही सगळ्याच भटक्यांची तक्रार. ऑफिस बेचव वाटतं, पुढच्या ट्रेकच्या तारखा शोधल्या जातात. आपण मोकळेपणा वर ठेवून आलो, असा समज त्यामागे असतो. पण वर जे लाभलं त्याचा मोठा भाग म्हणजे माणसांशी जडलेला उघड संबंध. तो खाली आणता येतो, कारण खालीही तो आहेच.

कसाऱ्याहून रविवारी संध्याकाळी निघालेली लोकल शहापूर तालुक्यातून जाते. मुंबईचं पाणी ज्या सात तलावांतून येतं, त्यांपैकी तानसा आणि भातसा याच तालुक्यातले. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबई पिते आहे. आणि याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांवर दर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. गाडीच्या खिडकीतून यातलं काही दिसत नाही. धरणं दूर आहेत, पाडे त्याहून दूर. पण टाक्याशी ओणवं होऊन बाटली भरून आलेल्या माणसाला सोमवारी सकाळी नळ सोडताना ते आठवायला हरकत नाही. पाणी तेच, सह्याद्रीवर पडलेलं. फक्त इथे त्याच्यापर्यंत चालावं लागत नाही, कारण दुसरं कुणीतरी जास्त चालतं.

येत्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर शहापुरात टँकर सुरू झाल्याची चार ओळींची बातमी येईल. ती गावाकडची बातमी म्हणून पान उलटायचं नाही. ती आपल्या नळाची बातमी आहे.