घरी सोडणे

‘डिस्चार्ज’साठी मराठीत आपण सहज म्हणतो, ‘घरी सोडलं’. अनुवाद करताना हा शब्दप्रयोग मला नेहमी उबदार वाटायचा. पण मनोरुग्णालयात बरं वाटू लागलं तरी ज्याला न्यायला कुणी येत नाही, त्याला सोडायचं कुठे? २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १९ म्हणतं, कुटुंब नाही किंवा ते स्वीकारत नाही, एवढ्याच कारणाने कुणाला तिथे ठेवून घेता येणार नाही.

बेल्जियममधल्या गील या गावी साधी कुटुंबं शतकानुशतकं अशा माणसांना घरात ठेवून घेत आली आहेत. तिथे त्यांना रुग्ण म्हणत नाहीत. जेवूनखाऊन राहणारा भाडेकरू, अशा अर्थाचा शब्द आहे. इस्पितळही आहेच. आजार उसळला की माणूस तिथे जातो, ओसरला की आपल्या खोलीत परततो. म्हणजे प्रश्न इस्पितळ हवं की नको, हा नाही. परतायला खोली आहे का, हा आहे.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर असं निवासगृह येणार होतं. विरोधाच्या अर्जावर मी सही केली नाही, पण सभेत बोललेही नाही. निवासगृह आलं नाही. आता मनोरुग्णालयांना निष्ठुर म्हणताना जीभ अडखळते. घरी सोडायला शेजारही लागतो, आणि तो शेजार मी होते.