दुसऱ्या अंगाचं झबलं

नुकतंच जन्मलेलं बाळ साधारण ५० सेंटिमीटर लांब असतं आणि वर्षाचं होईपर्यंत ७५ च्या आसपास पोचतं. वजन जवळपास तिप्पट होतं. पहिल्या वर्षानंतर माणूस पुन्हा कधीच या वेगाने वाढत नाही, आणि या वेगामुळेच तान्ह्या-रांगत्या मुलांच्या घराचा हिशेब इतर घरांपेक्षा वेगळा होतो. मोठ्या माणसाचा सदरा कॉलरला झिजतो, कोपरावर विरतो आणि मग टाकला जातो. बाळाचं झबलं फाटत नाही, विरत नाही. ते नुसतं आखूड होतं.

या घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू अशीच वागते. लाकडी पाळणा दोन पिढ्या सहज टिकेल. बाळ त्यात झोपतं काही महिने, मग ते कठड्याला धरून उठू लागतं आणि पाळण्याचीच भीती वाटायला लागते. पांगुळगाड्याचं काम पाऊल स्थिर होईपर्यंतचं. बुटांची तर वेगळीच तऱ्हा: पायात बसतात तोवर बाळ चालत नसतं, आणि चालायला लागतं तेव्हा ते बसत नाहीत. वस्तूचं आयुष्य लांब आणि वापर आखूड. या दोहोंमध्ये जी फट राहते, तिथेच या घरातला बराचसा अपव्यय होतो. म्हणून बाळाची वस्तू कशापासून बनली आहे हे पाहण्याआधी ती पुढे कोणाकडे जाणार आहे, हे पाहावं. सेंद्रिय कापसाचं, नैसर्गिक रंगाचं महागडं झबलं एका बाळाने पाच-सहा वेळा घातलं आणि ते कपाटात गेलं, तर चार भावंडांच्या अंगावरून आलेलं साधं सुती झबलं त्याच्यापेक्षा कितीतरी सरस.

जुन्या शिवणकामात ही समज कापडातच घातलेली असे. घरी शिवलेलं झबलं नीट न्याहाळून पाहावं. त्याला बटणं नसतात, बंद असतात. बाळ भरलं की गाठ सैल करायची. शिवण बाहेरच्या अंगाला असते, म्हणजे आत काही टोचत नाही. कापड बहुधा आजीच्या जुनेराचं किंवा आजोबांच्या धोतराचं, वर्षानुवर्षांच्या धुण्याने मऊ पडलेलं. मोठ्या मुलीच्या परकराला खाली दोन-तीन बोटं माया ठेवलेली असे; मुलगी उंच झाली की एक टीप उसवायची. अगदीच जीर्ण झालेलं कापड गोधडीच्या आतल्या थरात जाई. त्यातल्या त्यात धड असेल ते बोहारणीकडे. ती लुगडं उजेडाकडे धरून विरलेली जागा शोधायची, नाक मुरडायची, आणि एका स्टीलच्या डब्यावरून अर्धा तास घासाघीस चालायची. त्या घासाघिशीत कोणी पर्यावरणाचं नाव घेत नव्हतं. पण वापरलेल्या कापडाला मोल आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं.

आता लंगोटाचं पाहू, कारण पर्यावरणाचा विचार करणाऱ्या आईबापांचं पहिलं भांडण तिथेच होतं. विकतच्या डायपरमध्ये लाकडाचा लगदा असतो, ओल शोषून तिचा गोळा करणारी सोडियम पॉलीॲक्रिलेटची भुकटी असते आणि बाहेरून प्लास्टिक. दिवसाला पाच धरले तरी वर्षाला अठराशेच्या वर जातात. तेव्हा कापडी लंगोट चांगला, हे उघडच वाटतं. पण ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या यंत्रणेने २००८ मध्ये दोन्हींचा सगळा हिशेब मांडला, तेव्हा अडीच वर्षांच्या वापरात दोघांचा कार्बनभार जवळपास सारखाच निघाला. डायपरचा भार मुख्यतः तो बनवताना पडतो, कापडी लंगोटाचा धुताना आणि वाळवताना. गरम पाण्यात धुऊन यंत्रात वाळवलेला लंगोट डायपरपेक्षाही वाईट ठरू शकतो. त्याच अहवालाने पुढे सांगितलं, की मशीन पूर्ण भरून धुतलं, लंगोट दोरीवर वाळवले आणि तेच दुसऱ्या मुलाला वापरले, तर भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. यातली दोरी आपल्याकडे गच्चीत, गॅलरीत बांधलेलीच असते आणि ऊनही बाराही महिने नसलं तरी आठ महिने फुकट मिळतं. राहिली तिसरी अट: दुसरं मूल.

आणि नेमकं तेच आता घरात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर एका स्त्रीमागे १.७ होता. पूर्वी थोरल्याचं धाकट्याला, धाकट्याचं चुलत भावाला, तिथून मामेबहिणीला अशी रांग आपोआप लागायची, कारण मुलं बरीच असत आणि वाड्यात किंवा गावात जवळपास असत. आज मुलं एक किंवा दोन, मावशी बंगळुरूला, काका न्यू जर्सीत. बारशाला आलेले पन्नास जण पन्नास नवे कपडे आणतात. शिवाय वापरलेलं देण्यात ‘आम्हाला काय कमी आहे का’ हा मान-अपमान आडवा येतो. त्यामुळे दुसरं मूल आता घराबाहेर शोधावं लागतं: सोसायटीच्या दुसऱ्या विंगमध्ये, ऑफिसातल्या सहकाऱ्याकडे, कामाला येणाऱ्या मावशींच्या सुनेकडे. शेवटच्या ठिकाणी तर फार जपून द्यावं. डाग पडलेलं, बंद तुटलेलं तिथे सरकवणं म्हणजे दान नव्हे, आपलं कपाट मोकळं करणं. जे बहिणीला द्यायला लाज वाटेल, ते कोणालाच देऊ नये.

वस्तू फिरती ठेवण्याचा नियम खेळण्यांना अधिकच लागू पडतो. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात रांगण्याच्या पुढे गेलेल्या छोट्या मुलांना कधी चार, कधी सोळा खेळण्यांसह खेळायला सोडलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खेळणी चारच असताना मुलं प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. कुकरची शिट्टी आणि डब्यांची झाकणं घेऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर तासभर रमलेलं पोर ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचं नवल वाटणार नाही. खेळणी थोडी आणि फिरती ठेवण्याची कल्पनाही नवी नाही: लॉस एंजेलिस परगण्यात १९३५ मध्ये, मंदीच्या काळात, वाचनालयातून पुस्तक न्यावं तशी खेळणी उसनी नेण्याची सोय सुरू झाली. इथे एवढा व्यापही नको. तीन-चार घरांनी आपापली खेळणी महिन्याकाठी अदलाबदल करून फिरवली तरी प्रत्येक पोराला दर महिन्याला नवं काही मिळतं आणि कोणाच्याच घरात डोंगर साचत नाही. फक्त हे देणं-घेणं पोराच्या देखत करू नये. दोन वर्षांच्या मुलाला ‘माझं’ हा शब्द नुकताच गवसलेला असतो. त्याच्या हातातली बाहुली काढून त्यागाचे धडे देणं व्यर्थ आहे. आधी खेळणं माळ्यावर जावं, त्याचा विसर पडावा, मग ते दुसऱ्या दारी जावं.

सगळंच फिरवावं असं मात्र नाही. दुधाच्या बाटलीचं रबरी निपल, रंगाचे पोपडे निघालेली जुनी खेळणी, बटणासारखा सेल ज्यात सैल बसतो ते गाणारं खेळणं, अपघातातून गेलेली मोटारीतली सीट, हे पुढे देऊ नये. मूल बसवून चाकांवर पळवायचा वॉकरही नको. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. उभं राहून ढकलायचा आपला पांगुळगाडा वेगळा, त्याची चाकं आणि खिळे तपासून तो खुशाल द्यावा.

इथवर ऐकून घेणारी आई एक प्रश्न विचारते आणि तो रास्त आहे: हे सगळं करणार कोण? लंगोट धुवायचे, पावसाळ्यात कुबट वास येऊ न देता वाळवायचे, लहान झालेले कपडे वेगळे काढायचे, कोणाचं बाळ केवढं झालं हे लक्षात ठेवायचं. जुन्या घरांत ही कामं आजी, काकू, आत्या वाटून घेत आणि बाप्ये ओसरीवर बसत. नव्या घरात ती सगळी एकटीच्या गळ्यात पडणार असतील, तर रात्रीसाठी आणि प्रवासासाठी डायपर वापरण्यात काहीही पाप नाही. दोन आणि दोन चार हातांनी जमेल तेवढंच करावं. दोन हातांना घाण्याला जुंपून साधलेली काटकसर फार काळ चालत नाही. बाबाने लंगोटाची बादली स्वतःकडे घेतली, तर बऱ्याच घरांत हा वाद तिथेच मिटेल.

आणि डायपर वापरलाच, तरी तो आपण फेकला म्हणजे संपला असं होत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेले डायपर घट्ट गुंडाळून द्यायला सांगितलं. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने नागरिकांना अशा पुडीवर लाल ठिपका काढायला सांगितला, कारण कचरा वेगळा करणारी बाई ती पुडी हाताने उघडत असते. ठिपका दिसला की उघडायची गरज उरत नाही.

या सगळ्याचं सार त्या पुडीत आहे. बाळाची कुठलीही वस्तू आपल्या हातून सुटते तेव्हा ती कोणाच्या तरी हातात पडतेच. तो हात शेजारच्या बाळाच्या आईचा असेल किंवा कचरा निवडणाऱ्या बाईचा. हे बहुतेक वेळा ठरतं ते वस्तू घेताना, फेकताना नव्हे. म्हणून दुकानात झबलं उचलताना किंमत आणि माप पाहून झालं, की आणखी एक गोष्ट पाहावी: हे आखूड झालं की कोणाला द्यायचं, त्या बाळाचं नाव आठवतंय का. नाव आठवलं तर बेलाशक घ्यावं. नाही आठवलं, तर ज्यांचं बाळ आपल्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठं आहे त्यांना फोन करावा. त्यांच्या कपाटात ते झबलं घडी घालून ठेवलेलं असण्याचीच शक्यता जास्त.